जुन्या लष्करी कार्बाइनच्या व्यापारी नकला: ओळखायच्या कशा, जमवायच्या कशा

बालाघाटकर (अंबाजोगाई)

आमच्या अंबाजोगाईचे जुने नाव मोमिनाबाद, आणि मोमिनाबाद म्हटले की हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने ब्रिटिशांनी ठेवलेल्या फौजेच्या, रिसाल्याची छावणी आलीच. हिंगोली, जालना, औरंगाबाद आणि मोमिनाबाद येथे ठाणी असलेली ही फौज १९०३ मध्ये ब्रिटिश हिंदी लष्करात विलीन झाली आणि तिच्या रिसाल्यांतून आजच्या डेक्कन हॉर्सची परंपरा चालत आली. घोड्यावरच्या स्वाराला लांब नळीची बंदूक सांभाळणे अवघड, म्हणून त्याला आखूड कार्बाइन देत. आपल्या भाषेतील ‘कडाबीन’ हा शब्द याच कुळातील आहे. एवढा इतिहास दाराशी असल्यामुळे आमच्याकडे कोणीही आखूड जुनाट बंदूक विकायला काढली की ती ‘निजामाच्या रिसाल्यातली’ ठरते, आणि गिऱ्हाईक वयस्क दिसले तर ‘रझाकाराच्या काळातली’ ठरते.

मागच्या दिवाळीआधी छत्रपती संभाजीनगरातील जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून मी अशीच एक ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची) कडाबीन साडेनऊ हजार रुपयांना घेतली. ती एका देशमुखांच्या गढीतून आल्याचे दुकानदाराने शपथेवर सांगितले. घरी आणून दिव्याखाली धरली, तेव्हा कळीच्या पट्टीवर (दारू पेटवणारी यंत्रणा जिच्यावर बसते त्या लोखंडी पत्र्यावर) मुकुट, ‘टॉवर’ ही लंडनच्या सरकारी शस्त्रागाराची इंग्रजी अक्षरे, १८८४ हे साल आणि जोडीला पुढच्या पंजांत मुकुट धरलेला कंपनी सरकारचा सिंह, असे सगळे एकाच ठिकाणी गोळा झालेले दिसले. तीस वर्षे इतिहास शिकवूनही दुकानात हे माझ्या ध्यानात आले नाही, याची आजही लाज वाटते. कंपनीचे राज्य १८५८ मध्ये संपले. मागून काडतूस भरण्याची स्नायडर पद्धत ब्रिटिश लष्कराने १८६६ मध्ये स्वीकारली, १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली आणि १८७७ मध्ये घोडदळासाठी तिची कार्बाइनही निघाली. असे असता १८८४ मध्ये सरकारी कारखान्यात ठासणीची नवी कडाबीन कोण घडवत बसले होते?

धागा काढण्याचे कारण मात्र फसवणुकीचे रडगाणे नाही. जुन्या लष्करी कार्बाइनच्या नकला गेली साठ-सत्तर वर्षे जगात उघडपणे, कारखान्याचे नाव घालून बनत आल्या आहेत, आणि त्या ओळखणे व जमवणे हा स्वतंत्र छंद आहे. माझ्या लेखी नक्कल आणि बनावट हे दोन वेगळे शब्द आहेत. जी वस्तू आपण कोणाची नक्कल आहोत आणि आपल्याला कोणी बनवले हे अंगावर सांगते ती नक्कल; तीच वस्तू नाव घासून, गंज चढवून खरी म्हणून विकली की ती बनावट. माझी कडाबीन कोणत्या खात्यात घालावी, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

ओतारी (जालना)

गुरुजी, मी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाच्या कारखान्यात नोकरीला आहे, त्यामुळे इतिहासापेक्षा धातूकडे बघून बोलतो. पहिला प्रश्न नेहमी एकच असावा: वस्तू घडीव आहे की ओतीव? जुन्या लष्करी बंदुकीची कळ, घोडा (चाप ओढला की आदळणारा भाग) आणि पट्टी घडीव लोखंडाची असे व तिच्यावरची अक्षरे पोलादी ठशाने ठोकून उमटवलेली असत. ठसा ठोकला की धातू बाजूला सरकतो, म्हणून अक्षराच्या कडेला नखाला लागेल एवढा उंचवटा राहतो, आणि हाताने ठोकलेले असल्यामुळे एक अक्षर खोल तर शेजारचे उथळ असे होते. अर्थात जुनी पट्टी पुष्कळदा घासूनपुसून गुळगुळीत झालेली असते, तेव्हा उंचवटा नाही म्हणून लगेच निकाल देऊ नये. अक्षरे साच्यातूनच आली असतील तर त्यांच्या कडा साबणाच्या वडीवरील नावासारख्या गोलसर असतात, सगळ्यांची खोली सारखी असते आणि मधल्या सपाट जागेत बारीक खड्डे दिसतात. घोड्याच्या वळणावर साच्याच्या दोन अर्ध्यांच्या सांध्याची रेघ राहिली आहे का, तेही पाहावे; कानशीने घासली तरी ती आतल्या बाजूला सापडते.

दुसरी गोष्ट गंजाची. शंभर वर्षे हाताळलेली वस्तू सगळीकडे सारखी म्हातारी होत नाही. हात जिथे पडतो, खांद्याला जिथे टेकते, पट्टा जिथे घासतो तिथे ती गुळगुळीत होते आणि कानाकोपऱ्यांत काळी राहते. तेजाबात बुडवून किंवा मिठाच्या पाण्यात ठेवून आणलेला गंज मात्र अंगभर सारखा आणि विटकरी रंगाचा असतो, अगदी स्क्रूच्या खाचेच्या तळापर्यंत. नळीच्या आत बोट फिरवले आणि लांबट सरळ रेघ लागली, तर ती बाजारातील जोडपाइपाची नळी समजावी. आपल्या कडाबिनीचे फोटो जवळून काढून टाकाल का?

संशयात्मा (लातूर)

आतून नळी गुळगुळीत आहे, गोळीला गिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा नाहीत, म्हणजे नक्कल, असा एक नियम मी ऐकला आहे. तो बरोबर आहे का?

बालाघाटकर

आपल्या देशापुरता तो नियम चुकीचा आहे, आणि त्यामुळे काही चांगल्या वस्तू भंगारात गेल्या असतील अशी मला धास्ती वाटते. १८५७ च्या उठावानंतर देशी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींच्या तोडीचे हत्यार देऊ नये असे सरकारचे धोरण होते, म्हणून एनफील्ड या ब्रिटिश लष्करी बंदुकीच्याच घाटाची पण आतून गुळगुळीत नळीची हत्यारे मुद्दाम हिंदुस्थानासाठी बनवून घेतली गेली. तेव्हा खाचा नसणे हा पुरावा होत नाही. उलट खाचा असतील तर मात्र त्या मोजाव्यात: तोफखान्यासाठीच्या १८६१ च्या नमुन्याच्या एनफील्ड कार्बाइनची नळी २४ इंचांची आणि तिला पाच खाचा होत्या, तर १८५३ च्या लांब बंदुकीची नळी ३९ इंचांची आणि तिला तीनच.

सरकारी ठशांविषयी एक गोष्ट जोडतो. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाचे टोक उमटवत आणि हिंदुस्थानच्या भांडारासाठी त्याखाली ‘आय’ हे अक्षर घालत. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील, तर ती वस्तू सेवेतून काढून विकलेली असते.

गोदाकाठ (नांदेड)

माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. तिथे त्याला एक एम-वन कार्बाइन मिळते आहे. विकणारा ती दुसऱ्या महायुद्धातील असल्याचे सांगतो, पण तिच्यावर ‘युनिव्हर्सल’ असे नाव कोरलेले आहे. भाच्याने मला विचारले आणि मी सरळ आपल्याकडे आलो. ही युद्धातली असू शकेल का?

बालाघाटकर

नाही, गोदाकाठ. ही युद्धानंतरची व्यापारी नक्कल आहे, आणि व्यापारी नकलांचा विषय समजून घ्यायला हिच्याइतके चांगले उदाहरण नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एम-वन कार्बाइन अमेरिकेच्या लष्कराने ऑक्टोबर १९४१ मध्ये स्वीकारली. पिस्तूल अपुरे पडते पण पायदळाची जड रायफल वागवणे जमत नाही, अशा ड्रायव्हर, तोफची आणि संदेशवाहक सैनिकांसाठी ती होती. नळी १८ इंचांची आणि वजन जेमतेम अडीच किलो. युद्ध संपेपर्यंत अशा साठ लाखांहून अधिक कार्बाइन बनल्या. बंदुका बनवणाऱ्या कंपन्या एवढा माल देऊ शकत नव्हत्या, म्हणून हे काम दहा ठेकेदारांमध्ये वाटले गेले. त्यांत विंचेस्टर ही एकच जुनी बंदूकवाली म्हणावी अशी. सर्वांत जास्त माल देणारी इनलँड ही जनरल मोटर्सची शाखा होती, अंडरवुड टाइपरायटर बनवत असे, आयबीएम हिशेबाची यंत्रे आणि रॉक-ओला नाणे टाकून गाणी वाजवणाऱ्या पेट्या. ज्या अंडरवुडच्या यंत्रांवर कचेऱ्यांतील दस्तऐवज टंकलिखित होत, त्याच नावाची नळी कार्बाइनवर पाहिली की मला अजूनही गंमत वाटते.

युद्धानंतर सुटे भाग ढिगाने उरले आणि स्वस्तात विकले गेले. ज्या पोलादी पेटीत नळी बसते आणि जिच्यावर अनुक्रमांक असतो, तिला रिसीव्हर म्हणतात; तेवढा नवा बनवला की बाकी सरकारी भाग जोडून पूर्ण कार्बाइन उभी करता येत असे. हा धंदा अनेकांनी केला. फ्लोरिडातील हायालीया येथील युनिव्हर्सल, न्यू जर्सीतील प्लेनफील्ड, कॅलिफोर्नियातील नॅशनल ऑर्डनन्स ही त्यांतली ठळक नावे, आणि आयव्हर जॉन्सन या जुन्या कंपनीने पुढे प्लेनफील्ड व युनिव्हर्सल या दोन्हींचा धंदा आपल्याकडे घेतला. सुरुवातीच्या नकलांत अस्सल सरकारी भाग इतके असतात की रिसीव्हर झाकला तर भलेभले फसतात. सरकारी भाग संपत आले तसे कारखाने स्वतःचे भाग बनवू लागले आणि मापे बदलत गेली. युनिव्हर्सलच्या नंतरच्या कार्बाइनमध्ये दट्ट्या पुढे ढकलणारी स्प्रिंग एकाऐवजी दोन असतात आणि सरकारी सुटे भाग त्यांना बसत नाहीत. भाच्याला वरचे लाकडी झाकण काढून स्प्रिंगा मोजायला सांगा. दोन निघाल्या तर ती कोणत्या टप्प्यातली आहे हे तिथेच कळेल.

अस्सल कार्बाइनच्या रिसीव्हरवर मागे, नेम धरण्याच्या साधनापाशी ठेकेदाराचे नाव आणि क्रमांक असतो, तर पुढच्या कड्यावर नमुन्याचे नाव. नमुन्याचे नाव आजच्या काही नकलांवरही तसेच उतरवतात, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. इनलँडचे नाव तर अलीकडे नव्याने बनवलेल्या कार्बाइनवरही येऊ लागले आहे, तेव्हा नावाबरोबर क्रमांक, रंग आणि घडण या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. युद्धकाळातील पोलादाचा रंग राखाडी, किंचित हिरवट आणि मऊ असतो. निळीकाळी चकाकी दिसली की मी हातातली वस्तू खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून बघतो.

नवशिक्यांची आणखी एक चूक. नळीवर ‘ब्लू स्काय’ असे नाव दिसले की ते नक्कल बनवणाऱ्याचे समजतात. ते आयातदाराचे नाव आहे. कोरियाला दिलेल्या अस्सल अमेरिकन कार्बाइन परत अमेरिकेत आल्या, तेव्हा तो ठसा त्यांच्यावर बसला. म्हणजे ठसा नवा आणि वस्तू जुनी.

संशयात्मा

मग सगळे भाग एकाच कंपनीचे असले की ती अस्सल, एवढे तरी धरावे ना?

बालाघाटकर

उलट मला अशा वेळी जास्त शंका येते. युद्धानंतर अमेरिकन लष्कराने बहुतेक कार्बाइन आपल्या शस्त्रागारांत उघडून, दुरुस्त करून पुन्हा जोडल्या, आणि जोडताना कोणाचा भाग कोणाला लागतो याचा विचार कोणी केला नाही, कारण दहाही ठेकेदारांचे भाग एकमेकांना बसले पाहिजेत हीच मूळ अट होती. त्यामुळे विंचेस्टरच्या रिसीव्हरवर अंडरवुडची नळी हे लष्करी आयुष्याचे स्वाभाविक लक्षण आहे. सगळे भाग एका घरचे आणि झळझळीत असतील, तर बहुधा कोणा हौशी माणसाने ते वेगवेगळ्या ठिकाणांहून वेचून बसवले आहेत.

निवृत्त सुभेदार (धाराशिव)

एकोणिसाव्या शतकातील बंदुकांच्या नकलांविषयी मला थोडी भर घालायची आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धाची शताब्दी १९६१ ते १९६५ या काळात साजरी झाली, तेव्हा जुन्या बंदुकांच्या चालत्या नकलांना मोठी मागणी आली आणि इटलीतील ब्रेशियाजवळच्या व्हाल ट्रॉम्पिया खोऱ्यातील कारागिरांनी ती उचलली. उबेर्ती, पेदेर्सोली, पिएत्ता ही नावे त्या भागातली. शार्प्स, स्मिथ, स्पेन्सर अशा घोडदळाच्या कार्बाइनच्या नकला तिथे बनल्या. त्यांची ओळख सोपी आहे, कारण इटलीच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नळी त्या खोऱ्यातील गार्दोने गावच्या सरकारी चाचणीगृहातून जाते आणि तिच्यावर ठसा बसतो. ठशाशेजारी चौकोनात सालाचा संकेत असतो. १९७५ साठी ‘ए ए’ ही दोन अक्षरे होती आणि तिथून पुढे अक्षरे सरकत गेली. फक्त काळी दारू वापरावी अशी सूचनाही नळीवर असते. त्या मूळ बंदुकांच्या काळात काळ्या दारूशिवाय दुसरी दारूच सर्रास नव्हती, म्हणून तशी सूचना असलेली बंदूक त्या काळातली असूच शकत नाही.

बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने एनफील्डच्या बंदुकांच्या आणि १८६१ च्या कार्बाइनच्या नकला काढल्या. त्या जुन्या सरकारी मापकांवरून बनवलेल्या असल्यामुळे त्यांची मोठी कीर्ती आहे. त्यांच्यावर बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा ठसा असतो. पुढे नळ्या इटलीतून येऊ लागल्या, तेव्हा ठसेही बदलले. संग्राहक पहिल्या प्रकाराला जास्त मोल देतात आणि मला ते योग्य वाटते.

पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतातील दर्रा आदमखेल गावच्या बंदुका वेगळ्या धरायला हव्यात. त्या शोभेसाठी बनल्या नव्हत्या, वापरासाठी बनल्या होत्या. ठसा कोरणाऱ्याला इंग्रजी येत नसे, म्हणून ‘एनफील्ड’मधील ‘एन’ उलटा पडलेला किंवा व्हिक्टोरिया राणीच्या नावाखाली १९०१ नंतरचे साल आलेले आढळते. त्याचप्रमाणे काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या शस्त्रागारातून २००३ मध्ये बाहेर पडलेल्या हजारो बंदुकांत मार्टिनीसारखी दिसणारी गहेंद्र रायफल होती. ती ब्रिटिश नाही, पण नक्कलही नाही, ती नेपाळचीच घडण आहे.

काळी माती (उदगीर)

माझ्या मुलाने स्पेनच्या डेनिक्स कंपनीची एम-वन कार्बाइन मला भेट दिली आहे. ती गोळी झाडू शकत नाही, फक्त दिसते. लोहचुंबक लावला तर तो तिच्या मोठ्या भागांना चिकटत नाही, कारण ते जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव आहेत. आमच्या शेजारच्या बिदरच्या कारागिरांनी जस्त आणि थोडे तांबे एकत्र ओतून त्यावर चांदीचे काम केले आणि ते पिढ्यानपिढ्या टिकले, पण इथे त्याच जातीच्या धातूला पोलादाचे सोंग घ्यावे लागते. तरी सोंग चांगले आहे. अशा कार्बाइनला परवाना लागतो का, हा माझा प्रश्न आहे.

पक्षकार (परभणी)

वकिली करतो, म्हणून उत्तर देतो. मात्र प्रत्येकाने आपापल्या वस्तूपुरते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून खात्री करावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात बंदूक जुनी की नवी, अस्सल की नक्कल, असा भेद मूळ व्याख्येत नाही. स्फोटक द्रव्याच्या किंवा दुसऱ्या प्रकारच्या ऊर्जेच्या जोराने गोळी फेकण्यासाठी बनवलेली किंवा तशी केलेली वस्तू म्हणजे अग्निशस्त्र. म्हणून इटलीची किंवा बर्मिंगहॅमची चालती नक्कल, ती ठासणीची असली तरी, परवान्याशिवाय ठेवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, पूर्वी तीन ठेवता येत. कलम ४५ मध्ये जुनाट नमुन्याच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे, परंतु ते दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, ही अट लोक विसरतात. ‘आज चालत नाही’ एवढे पुरेसे नाही.

काळी माती, आपली वस्तू मुळातच गोळी झाडण्याच्या रचनेची नाही, तेव्हा ती अग्निशस्त्राच्या व्याख्येत बसत नाही; पण ती परदेशातून आणताना सीमाशुल्काचे कागद नीट ठेवा, आणि मिरवणुकीत किंवा मोबाइलवर फोटो टाकण्यासाठी ती घेऊन बाहेर पडू नका. लांबून पोलिसाला जस्त आणि पोलाद यांतला फरक दिसत नाही.

गुरुजी, आपल्या कडाबिनीच्या निपलला (घोडा जिथे आदळतो त्या बोंडाला) भोक आहे का आणि नळी मागून भरीव आहे का, हे आधी पाहा. उत्तर काय येते, त्यावर तिला भिंतीवर टांगायचे की पोलीस ठाण्यात कळवायचे, ते ठरेल.

बालाघाटकर

सर्वांच्या सूचनांप्रमाणे रविवारी कडाबीन उघडली. निपल भरीव आहे, त्याला भोक कधी पाडलेलेच नाही. नळीच्या आत, ओतारी म्हणाले तशी, सरळ रेघ लागते आणि मागचा चार बोटे भाग वितळवून बुजवलेला आहे. पट्टीवरच्या अक्षरांना उंचवटा नाही, सिंहाच्या अंगावर वाळूचे खड्डे आहेत. म्हणजे वस्तू जन्मापासून शोभेची आहे, आणि तिच्यावर तेजाब चढवणारा हात नंतरचा असावा, कारण लाकडाखाली झाकलेला नळीचा भाग स्वच्छ काळा आहे, त्यावर गंजाचा ठिपकाही नाही. बनवणाऱ्याने शोभेची वस्तू बनवली होती. खोटेपणा मधल्या कोणीतरी केला. पक्षकारांच्या सांगण्यावरून फोटो आणि पावती घेऊन ठाण्यातही जाऊन आलो. तिथल्या हवालदारांनी ती हातात घेऊन पाहिली, नोंद केली आणि चहा पाजला.

एक गोष्ट मात्र मला अपेक्षित नव्हती. नळीच्या खालच्या बाजूला, लाकूड काढल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, छिन्नीने हाताने कोरलेला एक आकडा आहे, आणि तो देवनागरीत आहे: २७. वर विलायती मुकुट आणि कंपनीचा सिंह ओतणाऱ्या कारागिराने आपला हिशेब मात्र आपल्या आकड्यांत ठेवला. हा त्या ओळीतला सत्ताविसावा नग असेल किंवा जुळणीचा क्रमांक असेल. कोणाकडे अशीच १८८४ सालची, सिंह आणि मुकुट एकत्र असलेली कडाबीन असेल, तर कृपया लाकूड सोडवून खालचा आकडा पाहावा आणि फोटो इथे टाकावा. २६ किंवा २८ सापडली तर दुकानदार सांगेल ती किंमत देण्याची माझी तयारी आहे, गढीची गोष्ट न ऐकता.